कोकणात घोडी ठेवायची तर तबेला पावसाच्या हिशेबाने निवडा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्याच्या एका कुटुंबाने सहा वर्षांची काठियावाडी घोडी विकत घेतली आहे. ती अजून गुजरातमध्ये जुन्या मालकाकडेच आहे. अलिबागजवळ या मंडळींचं घर आहे, शनिवार-रविवार तिथे जाणं होतं, म्हणून घोडी त्याच भागात महिन्याच्या पैशावर एखाद्या तबेल्यात ठेवायची आहे. जानेवारीत त्यांनी तीन जागा पाहिल्या. एक अगदी समुद्राला लागून, दुसरी नारळ-पोफळीच्या वाडीत, तिसरी किनाऱ्यापासून सात-आठ किलोमीटर आत, डोंगरउतारावर. त्यांचं मन पहिलीवर बसलंय. कोणती निवडावी आणि निवडताना काय बघावं, असं त्यांनी विचारलं आहे.

माझं उत्तर तिसरी जागा, पण काही गोष्टींची खात्री करून घेतल्यानंतरच. कारणं सविस्तर सांगते, कारण उद्या तुम्हाला चौथी जागा कुणी दाखवली तर ती तुमची तुम्हाला पारखता आली पाहिजे.

जानेवारीत कोकणातला कुठलाही तबेला चांगलाच दिसतो. जमीन कोरडी, हवा गार, गवत सोनेरी, घोडी तजेलदार. खरा प्रश्न जून ते सप्टेंबरचा आहे. अलिबागच्या पट्ट्यात त्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, रत्नागिरी-सिंधुदुर्गात त्याहून बराच जास्त. तुमची घोडी ज्या मुलखात वाढली तिथे वर्षाकाठी सहा-सातशे मिलिमीटर झाला तरी लोक खूश असतात. कोरड्या हवेत, कडक जमिनीवर वाढलेल्या जनावराला तुम्ही ओलाव्यात आणताय. म्हणून श्रावणात तिथे काय चालतं, एवढं डोक्यात ठेवून जागा बघा.

आत्ता पाऊस नाही, मग कसं बघायचं? भिंतीच्या खालच्या फूटभर भागाकडे बघा. शेवाळ वाळून काळं पडलेलं असतं, पाणी साचल्याची रेघ राहिलेली असते. रंग नुकताच मारलेला असेल तर गेल्या जुलैतले फोटो दाखवा म्हणा. हल्ली प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतात. मग आवाराच्या वरच्या टोकाला उभं राहून पाणी कुठून येईल आणि कुठे जाईल ते नजरेने मोजा. जांभ्याच्या उतारावर पाणी थांबत नाही, तिसऱ्या जागेचा मोठा गुण तोच. भातखाचराच्या पातळीवर बांधलेला तबेला, त्याला कितीही गटारं काढली तरी, आषाढात घोट्याएवढ्या चिखलात असतो.

खोलीत गेलात की उभ्याने वास घेऊ नका. गुडघे टेकून, घोडा बसल्यावर त्याचं नाक जिथे येईल त्या उंचीवर, मागच्या कोपऱ्यात वास घ्या. डोळे चुरचुरले तर मुताचा निचरा होत नाही आणि घोडा रात्रभर अमोनिया हुंगतो. अशा तबेल्यातले घोडे पावसाळ्यात खोकतात. जांभा पाणी शोषतो तसा मूतही शोषतो, त्यामुळे नुसत्या जांभ्याच्या जमिनीवर भागत नाही. वर रबरी मॅट किंवा रोज बदललेलं भरपूर अंथरूण हवं. आपल्याकडे भाताचं तूस मुबलक मिळतं, ते चांगलं चालतं; लाकडाचा भुसाही चालतो. पेंढ्याचं अंथरूण पावसात दोन दिवसांत बुरसटतं. गुळगुळीत शहाबादी फरशी असेल तर नाही म्हणा. नाल मारलेला घोडा ओल्या फरशीवर उठताना घसरला तर कंबर कायमची जाते.

छप्पर. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आलं तेव्हा रायगडातली हजारो घरं उघडी पडली, आणि उडालेला पत्रा जनावरांच्या दृष्टीने सगळ्यात भयंकर होता. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. म्हणून पत्रे नुसते खिळ्यांवर आहेत की बोल्ट मारून छपराच्या कैच्यांना घट्ट धरलेत, हे वर बघून विचारा. दुसरं, निसर्गनंतर कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पंप बंद म्हणजे पाणी बंद. तुमच्या घोडीला रोज २५-३० लिटर पाणी लागेल, उन्हात घाम गाळला तर त्याहून बरंच जास्त. जनरेटर आहे का, नसेल तर विहिरीवर हाताने ओढायची सोय आहे का, हे विचारायला संकोच करू नका. आणि ते पाणी स्वतः चाखून बघा. किनाऱ्यालगतच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात. खारट पाणी घोडा पोटभर पीत नाही, आणि कमी पाणी प्यायलेल्या घोड्याचं पोट कधी बंद पडेल ते सांगता येत नाही.

आता तुमच्या आवडत्या पहिल्या जागेबद्दल. समुद्रकाठी घोडा ठेवण्यातली सगळ्यात मोठी अडचण वाळू. जमिनीवर टाकलेलं गवत खाताना घोडा वाळूही गिळतो, ती आतड्याच्या तळाशी साठत जाते, आणि एक दिवस पोटशूळ उठतो. हे ओळखायची पद्धत सोपी आहे. सकाळची ताजी लीद, जमिनीला न लागलेली, मूठ-दोन मूठ घ्या. पारदर्शक बाटलीत पाण्यात कालवा आणि अर्धा-पाऊण तास हलवू नका. तळाला वाळूचा थर बसला तर समजून जा. तळ स्वच्छ दिसला म्हणून मात्र पोटात वाळू नाहीच असं धरू नका. आठवड्यात दोन-तीन वेळा बघावं लागतं. तबेल्याच्या मालकाला विचारून तिथल्या दोन घोड्यांची लीद अशी तपासा. चांगला मालक स्वतः बाटली आणून देईल. समुद्रकाठच्या तबेल्यात चारा गव्हाणीत किंवा जाळीत दिला जातो का, एवढं एकच पाहिलं तरी निम्मं कळतं.

खारी हवा लोखंड खाते. खिळे, कड्या, बिजागऱ्या, जिनाचे बक्कल, सगळं गंजतं, आणि गंजून तुटलेल्या पत्र्याच्या कडेला घोड्याची कातडी लागली की जखम. धनुर्वाताला घोड्याइतकं हळवं जनावर क्वचितच असेल. लीद असते त्या मातीत त्याचे जंतू असतातच. त्यामुळे जागा कुठलीही घ्या, धनुर्वाताची लस आणि तिची तारीख तुमच्याकडे लिहिलेली हवी. मोकाट कुत्री आहेत म्हणून रेबीजचीही.

समुद्रकाठच्या तबेल्यांत दुसरी एक गोष्ट असते, ती थेट विचारा: शनिवार-रविवारी पर्यटकांना फेऱ्या मारायला इथले घोडे जातात का? जात असतील तर तो व्यवसाय वाईट असं मी म्हणत नाही, कित्येक घरं त्यावर चालतात. पण तुम्ही नाताळात नसाल आणि किनारा माणसांनी फुलला असेल, तेव्हा तुमची उमदी घोडी खोलीत उभी राहील याची हमी काय? शिवाय लग्नाच्या वरातीत आणि जत्रांत फिरणारे घोडे रोगही फिरवतात. ग्लँडर्स हा त्यातला सगळ्यात वाईट. नाकातून चिकट पू, अंगावर गाठी आणि फुटलेली व्रणं. उपचार करत नाहीत, जनावर नष्ट करावं लागतं, आणि तो माणसालाही होतो. कायद्याने तो सरकारला कळवावाच लागतो. रक्ताच्या नमुन्याची तपासणी हिस्सारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होते. तबेल्यातल्या सगळ्या घोड्यांचे अहवाल मागा, आणि नवा घोडा आला की त्याला दोन-तीन आठवडे वेगळा ठेवतात का ते विचारा. वेगळी खोली, वेगळी बादली, अंग घासायचा वेगळा खरारा. "आमच्याकडे असलं काही होत नाही" असं उत्तर मिळालं तर तिथून निघा.

दुसरी जागा, वाडीतली. सावली छान, उन्हाळ्यात घोड्याला आवडते. पण वाडीला बारा महिने शिंपण असतं, त्यामुळे जमीन कधी पुरती वाळत नाही, आणि ओलाव्याला डास आणि गोमाशा येतात. गोमाशी चावून एका घोड्याचं रक्त दुसऱ्याला लागलं की सर्रा नावाचा रोग पसरतो. ताप चढतो-उतरतो, पोटाखाली आणि पायांना सूज येते, खात असूनही घोडा वाळत जातो, मागून झुलायला लागतो. लवकर रक्त तपासलं तर औषध आहे, उशीर झाला तर घोडा हातचा जातो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत घोड्याला विनाकारण ताप आला की सर्राची तपासणी झालीच पाहिजे, असं त्या तबेल्याला माहीत आहे का बघा. खोल्यांत मोठे पंखे असतील तर मालकाला गोमाशीचा उपाय ठाऊक आहे, वाऱ्यात ती टिकत नाही. आणि कृपा करून घोडी नारळाखाली बांधू देऊ नका. नारळ तर पडतोच, वाळलेली झावळही वरून सरळ खाली येते.

कुंपण बघताना झाडंही बघा. बंगल्यांच्या आणि रिसॉर्टच्या कडेला शोभेसाठी कण्हेर लावतात. तिची मूठभर पानं घोड्याला पुरतात. हृदय बंद पडतं. वाळलेली पानंही तितकीच विषारी, म्हणून छाटणीचा पाला गवतात मिसळणार नाही याची काळजी हवी. घाणेरीही वाईट. फुरसं हा विषारी साप कोकणात जागोजागी आहे. दगडांचे ढीग, जुन्या कौलांची रास, रचून ठेवलेली लाकडं खोल्यांना लागून नकोत.

चाऱ्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवते, तुम्हीही घालवा. कोकणात भाताचा पेंढा स्वस्त आणि दारात मिळतो, म्हणून काही ठिकाणी घोड्यांना तोच घालतात. गाई-म्हशींना तो चालतो, घोड्याला त्यातून फारसं काही मिळत नाही. हिरवा चारा म्हणून नेपिअर लावलेलं असतं. वाढतं भराभर, दिसतं हिरवंगार, पण त्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं, घोड्याच्या अंगी लागू देत नाही. त्याच्या जोडीला गव्हाचा कोंडा भरपूर दिला, आणि आपल्याकडे तो प्रेमाने देतात, की फॉस्फरस वाढतो. मग शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढायला लागतं. घोडा आधी उगाच लंगडल्यासारखा करतो, पुढे गालाची हाडं फुगतात. हे सगळं घोडा गुबगुबीत दिसत असताना होतं, म्हणून लवकर कळत नाही. नेपिअर थोडं असावं, वाळलेलं चांगलं गवत मुख्य असावं, जोडीला लसूणघास असावा कारण त्यात कॅल्शियम असतं, आणि कोंडा बेतानेच.

लसूणघास आणि चांगलं गवत घाटावरून येतं, आणि पावसात घाट बंद पडतात. तुमच्या ३५० किलोच्या घोडीला रोज साधारण ८ किलो सुका चारा धरा; चार महिन्यांचा हिशेब टनभर होतो. म्हणजे दहा घोड्यांच्या तबेल्यात मे अखेरीला दहा टन चारा जमिनीपासून उंच, माळ्यावर किंवा फळ्यांवर, कोरडा रचलेला दिसायला हवा. गोदाम उघडून दाखवा म्हणा. एखाद्या गठ्ठ्यात कोपरापर्यंत हात घाला. आत ऊब लागली तर तो आतून कुजतोय. पांढरी धूळ उडाली, मातकट वास आला तर बुरशी आहे, आणि बुरशीचं गवत खाऊन घोड्याला जडलेला दमा जन्मभर पुरतो. चंदी, म्हणजे दाणा, काय देतात, हरभरा भिजवून की कोरडा, ओट की जव, हे विचारा, पण गवताचं उत्तर समाधानकारक असेल तर चंदीचं गणित नंतरही बसवता येतं. मीठ मात्र रोज हवं. दमट हवेत घोडा भरपूर घाम गाळतो आणि त्यातून मीठ जातं. साधं मीठ रोज ३० ग्रॅमच्या आसपास, काम जास्त असेल तर थोडं अधिक.

आता सईस, म्हणजे घोड्याची रोजची देखभाल करणारा माणूस. जागा, छप्पर, चारा सगळं उत्तम आणि सईस बेफिकीर असेल तर पैसे पाण्यात. मालकाशी अर्धा तास बोलता, सईसाबरोबर दोन तास थांबा. काही विचारू नका, नुसतं बघा. तो खोलीत शिरताना घोडा कान मागे पाडतो की मान पुढे करतो? खूर साफ करताना तो आकड्याने नुसता चिखल काढून पाय सोडतो, की तळव्यातल्या त्रिकोणी भागाच्या दोन्ही बाजूंच्या खाचा टोकापर्यंत उकरतो, बोट लावून बघतो, बोटाचा वास घेतो? काळपट ओलं काहीतरी आणि कुजका वास आला की तिथे सड सुरू झालेली असते. कोकणातल्या पावसाळ्यात हे खूर सांभाळणं हेच मोठं काम आहे. रोज दोनदा साफ करून, कोरडे करून, घोड्याला काही तास कोरड्यावर उभं केलं तर सड लागत नाही. वास घेणारा सईस मिळाला तर तबेल्याच्या बाकी दोन उणिवा मी पोटात घालते.

एकाकडे तीन घोडे ठीक, चारच्या वर गेले की खरारा नावालाच उरतो. आणि गणपतीत काय व्यवस्था असते ते विचारा. गौरी-गणपतीला आणि शिमग्याला कोकणातला माणूस घरी जाणारच, जायलाच हवं. पण गणपती ऐन पावसात येतात. त्या पाच-सात दिवसांत पहाटेचा चारा कोण टाकतं, नाव सांगा म्हणा. बदली माणूस ठरलेला असेल तर तबेला विचाराने चालतो.

डॉक्टर आणि नालबंद. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर कष्टाळू असतात, पण त्यांच्याकडे रोज गाई-म्हशी-शेळ्या येतात. घोड्याच्या नाकातून नळी घालून पोट रिकामं करायची सवय प्रत्येकाला असेलच असं नाही. पोटशूळात काही तासांत निकाल लागतो. घोडा पुढच्या पायाने जमीन उकरतो, वळून पोटाकडे बघतो, खाली पडून लोळतो, लीद थांबते. अशा वेळी रात्री दोन वाजता कुणाला फोन जातो आणि तो माणूस किती वेळात पोचतो? अलिबागहून मुंबई, परळचं जनावरांचं हॉस्पिटल, निदान आवाक्यात आहे. दापोली-गुहागरच्या खाली गेलात तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा कोल्हापूर, मध्ये घाट, आणि पावसात दरडी. उताराची फळी असलेला टेम्पो आवारात किंवा गावात आहे का, हेही बघून ठेवा. नालबंद बहुतेक ठिकाणी बाहेरून येतो. पाच-सहा आठवड्यांनी नक्की येतो ना, एवढं विचारा. ओलाव्यात खूर मऊ पडून खिळे ढिले होतात, मधेच नाल निघाला तर काढून टाकण्यापुरतं सईसाला आलं पाहिजे.

राइडिंगची चिंता तुम्ही करताय तेवढी करू नका. डोंगराजवळच्या जागेतून किनारा लांब पडतो, पण आठवड्यातून एकदा टेम्पोने नेता येईल. ओहोटीचं वेळापत्रक बघून ओल्या, घट्ट वाळूवर चालवा. कोरड्या भुसभुशीत वाळूत दौडवलं तर पायाचे स्नायुबंध दुखावतात. खाडीच्या मुखाशी चिखल फसवा असतो, तिथे जाऊच नका. दिवेआगर, हरिहरेश्वर, वेळास, आंजर्ले या बाजूला गेलात तर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत कासवांची घरटी वाळूत असतात. भरतीच्या रेषेच्या वर घोडा नेऊ नका. मार्चनंतर ऊन चढायच्या आधी, सकाळी आठच्या आत परत यायचं.

ठरलं की सगळं कागदावर घ्या. रोजचा चारा आणि चंदी किलोत, नालबंद आणि औषधं कुणाच्या खर्चाने, तुमच्याशिवाय घोडीवर कुणी बसणार नाही हे स्पष्ट शब्दांत, आणि तुमचा फोन लागला नाही तर डॉक्टर बोलवायचा अधिकार कुणाला आणि किती खर्चापर्यंत.

पावसाळ्यात घोडी घाटावर पाठवावी का, असंही तुम्ही विचारलंय. पहिल्या वर्षी, जमत असेल तर, हो. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन चौलला उतरला होता, रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. त्या घोड्याचाही पावसाळा जुन्नरला गेला, किनाऱ्यावर नाही. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडे कोरड्या भागात एखादा चांगला तबेला मिळाला तर जून ते सप्टेंबर तिथे ठेवा. नाही जमलं तर तिसऱ्या जागेत राहू द्या, पण मग दर शनिवारी तुम्ही गेलंच पाहिजे आणि चारही खूर स्वतः उचलून बघितले पाहिजेत.

घोडी आणायची असेल तर याच थंडीत, फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत आणा. एप्रिल-मेत आणू नका. कोरड्या हवेतून एकदम दमट उकाड्यात आलेल्या काही घोड्यांचा घामच थांबतो. अंग कोरडं, तापलेलं, आणि घोडा सावलीत उभा राहूनही धापा टाकतो. थंडीत आलेल्या जनावराला हवेशी जुळवून घ्यायला दोन-तीन महिने मिळतात. टेम्पो निघण्याआधी ग्लँडर्सचा अहवाल आणि डॉक्टरचा दाखला हातात असू द्या. आणि जुन्या मालकाला सांगून त्याच टेम्पोत दहा दिवसांचं गवत आणि दाणा भरून घ्या. नवा चारा पहिल्या दिवशी मूठभर, मग रोज थोडा वाढवत दहाव्या दिवशी पूर्ण करा. अचानक बदललेल्या चाऱ्याने पोट बिघडतं, आणि नव्या जागी, नव्या माणसांत, पहिल्याच आठवड्यात तिचं पोट दुखायला नको.